कार्ड आहे, पण नेटवर्क नाही

आमच्या वरणगावात ‘ड्रायव्हर’ म्हटलं की आधी रेल्वेचा ड्रायव्हर आठवतो. भुसावळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ते साहजिकच आहे. रेल्वेत एक चांगली पद्धत आहे. ड्रायव्हर कितीही मुरलेला असो, नव्या मार्गावर त्याच्या हाती एकदम गाडी देत नाहीत. आधी तो मार्ग, तिथले सिग्नल, चढ-उतार त्याला शिकावे लागतात. संगणकातल्या ड्रायव्हरचंही तसंच आहे. कुठल्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं की पॅकेट सुटतं, बाहेरून पॅकेट आलं की चिप कशी हाक मारते, हे ज्या प्रोग्रामला ठाऊक असतं तो त्या कार्डाचा ड्रायव्हर. दुसऱ्या जातीच्या चिपवर तो बिनकामाचा.

मी इथे एका लहानशा संस्थेचा सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर सुरू होतो, पंखे फिरतात, कार्डाचा हिरवा दिवाही लागतो आणि तरी नेटवर्क नसतं, हा प्रकार मी बरेचदा पाहिलाय. त्यातली गंमत (दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर गंमत!) अशी, की औषध नेटवर असतं आणि बंद असतं ते नेटच. मोबाइलवर इंटरनेट येण्याआधी अशा वेळी पेनड्राइव्ह खिशात टाकून भुसावळचा सायबर कॅफे गाठायचा, एवढाच मार्ग होता. हा पेच मुळात आला कुठून, हे शोधायला गेलो आणि एक वेगळाच इतिहास हाती लागला.

इथरनेटचा जन्म 1973 चा, अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला. बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज ही त्यातली मुख्य नावं. 1983 मध्ये त्याचं अधिकृत प्रमाण ठरलं. पण ते प्रमाण होतं तारेपुरतं. तारेवरून संदेश कसा जावा हे ठरलं, पण संगणकाने आपल्याच पोटातल्या कार्डाशी कसं बोलावं हे त्यात नव्हतं. ते ज्याने त्याने आपापलं ठरवलं. आपली निम्मी डोकेदुखी या एका मोकळ्या जागेतून आली आहे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेल कंपनीचं एनई-2000 हे कार्ड आलं. त्याच्या इतक्या स्वस्त नकला निघाल्या की ते न ठरवताच प्रमाण होऊन बसलं. या पिढीत कार्डाला पत्ता द्यायचा तो हाताने, बारीक जंपर हलवून. बऱ्याच कार्डांवर इंटरप्ट क्रमांक 3 आधीच लावलेला असे आणि तोच क्रमांक दुसऱ्या सिरियल पोर्टचाही! मग मोडेम चालू केला की नेटवर्क झोपणार. यात बिघडलेलं काहीच नसायचं. एकाच घंटेला दोघे ‘ओ’ देत, एवढंच.

लिनक्स आलं 1991 मध्ये. त्याच्यासाठी कार्डांचे ड्रायव्हर लिहायला कंपन्यांना काय पडलं होतं? ते काम अंगावर घेतलं डोनाल्ड बेकर यांनी. 1994 मध्ये नासात थॉमस स्टर्लिंग यांच्यासोबत ते साधे संगणक जोडून स्वस्तात महासंगणक करू पाहत होते. 16 संगणकांचं ते ‘बेओवुल्फ’. तेव्हाचं इथरनेट सेकंदाला 10 मेगाबिटचं, म्हणजे या कामाला तोकडं. म्हणून त्यांनी एकेका संगणकाला दोन-दोन जाळ्यांना जोडून वेग वाढवला. त्यासाठी ड्रायव्हर हवे होते, ते लिहिले आणि सगळ्यांना वाटून टाकले. लिनक्सच्या सुरुवातीच्या कितीतरी इथरनेट ड्रायव्हरांच्या माथ्यावर बेकर यांचं नाव आहे. एनई-2000 चाही त्यातलाच.

याच काळात आपल्या पुण्यात याच्या उलट बाजूने काम चाललं होतं. 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम-8000 उभा केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. फारसं ऐकलं जात नाही ते ‘परमनेट’चं. महासंगणकातले संगणक एकमेकांशी जोडायला सी-डॅकने स्वतःचं जाळं तयार केलं. कार्ड आपलं, स्विच आपला, ते चालवणारं सॉफ्टवेअरही आपलंच. त्याची दुसरी आवृत्ती परम पद्म या महासंगणकात होती आणि जून 2003 च्या जागतिक यादीत परम पद्म 171 व्या क्रमांकावर होता. ज्याने चिप केली तोच ड्रायव्हर लिहिणार, तेव्हा अडलं तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारता येतं. बाकी जगाला हे भाग्य नव्हतं.

कारण चिपची माहिती देणं बऱ्याच कंपन्यांना नको असे. एनव्हिडियाच्या एनफोर्स चिपसेटमधल्या नेटवर्क भागासाठी कंपनीचा ड्रायव्हर होता, पण बंद डब्यातला. 2003 च्या सुमारास काही जणांनी त्यावर रीतसर तोडगा काढला. कार्ल-डॅनियल हाइलफिंगर आणि अँड्र्यू डी क्विन्सी यांनी बंद ड्रायव्हर तपासून चिप कशी चालते याचं टिपण लिहिलं आणि त्या टिपणावरून मॅनफ्रेड स्प्राउल यांनी कोरा करकरीत ड्रायव्हर लिहिला, म्हणजे नक्कल केल्याचा आरोपच नको. पुढे खुद्द कंपनीनेच आपला ड्रायव्हर सोडून हाच वापरा असं सांगितलं!

आता सगळ्यात बोधप्रद प्रकरण. सप्टेंबर 2008. लिनक्सच्या 2.6.27 या तयार होत असलेल्या आवृत्तीवर काही लोकांची इंटेलची गिगाबिट कार्डं मरू लागली. साधं बंद पडणं नव्हे. कार्डाच्या कायमच्या स्मृतीत त्याचा पत्ता आणि मांडणी लिहिलेली असते, तीच पुसली जात होती. जुनी आवृत्ती परत टाकूनही कार्ड उठेना. पहिला संशय अर्थातच ड्रायव्हरवर, म्हणजे ई-1000-ई वर. मग आळ गेला ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. काही वितरणांनी तर आपल्या चाचणी आवृत्तीतून ई-1000-ई काढूनच टाकला.

खरा गुन्हेगार निघाला भलताच. ‘एफट्रेस’ ही कर्नलचं काम न्याहाळणारी नवी सोय. तिचा नेटवर्कशी काडीचा संबंध नाही. कुठल्या पत्त्यावर पुढे बदल करायचा याची ती यादी ठेवी. त्यातले काही पत्ते मोड्यूलच्या अशा भागातले होते, जो काम झालं की मोकळा केला जातो. भाडेकरू गेला, खोली रिकामी झाली आणि योगायोगाने तीच खोली मिळाली इंटेल कार्डाच्या फ्लॅशला. एफट्रेस जुनी यादी घेऊन तिथे पोचलं. ‘जुनंच असेल तरच बदल’ अशी सावध आज्ञा त्याने दिली होती, पण ती आज्ञा साध्या मेमरीसाठी. कार्डाच्या बाबतीत तिचा परिणाम भलतंच काही लिहिलं जाण्यात झाला. 9 ऑक्टोबर 2008 ला 2.6.27 आली आणि लगोलग आलेल्या दुरुस्तीत ही सोय बंद केली गेली. शिवाय इंटेलच्या लोकांनी ती स्मृती ड्रायव्हरमधून कुलूपबंद केली.

हे इतक्या लवकर सापडलं, कारण ड्रायव्हर, एफट्रेस आणि कर्नल तिन्ही उघडे होते. यातला एक जरी बंद डब्यात असता तरी दोष बिचाऱ्या ई-1000-ई च्याच माथी राहिला असता.

बंद डबे मात्र संपले नाहीत, ते चिपच्या आत गेले. फेब्रुवारी 2011 मध्ये डेबियन 6 आलं तेव्हा त्यांनी कर्नलमधून खुलं नसलेलं फर्मवेअर बाजूला काढलं. तत्त्व म्हणून ते पटतं. पण अनेक सर्व्हरांवर ब्रॉडकॉमचं कार्ड होतं. ड्रायव्हर हजर, फर्मवेअर गैरहजर, आणि इन्स्टॉलर म्हणतो की ते पेनड्राइव्हवर आणून द्या. पुण्या-मुंबईत हा पाच मिनिटांचा खोळंबा. गावात तोच अर्धा दिवस. जून 2023 च्या डेबियन 12 पासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळतं. त्यासाठी 2022 मध्ये त्यांना रीतसर मतदान घ्यावं लागलं.

आमच्यासारख्या गावात तज्ज्ञ बोलवायचा म्हणजे निदान जळगावहून, नाहीतर पुण्याहून. तो येईपर्यंत कारकुनांचं काम ठप्प आणि खिडकीपुढे रांग. म्हणून कुणीतरी चिपबद्दल लिहून ठेवलेलं टिपण ही माझ्या लेखी फार मोलाची गोष्ट आहे. आजही कार्ड रुसलं की मी आधी त्याचा पीसीआय क्रमांक वाचतो. इंटेलचा 8086 ने सुरू होतो, आपल्या जुन्या प्रोसेसरच्या नावाने! मग कर्नलचे संदेश वाचतो, मग ड्रायव्हरची आवृत्ती आणि फर्मवेअर. केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून पाहतो. आणि 2008 आठवून शेवटचा प्रश्न विचारतो, की या आठवड्यात या सर्व्हरवर नेटवर्क सोडून आणखी काय बदललं?

जे सापडेल ते सर्व्हरशेजारच्या वहीत तारखेनिशी जातं. बेकर यांच्या मानाने वही किरकोळ, पण माझ्यानंतर इथे बसणाऱ्याला भुसावळची एक खेप वाचेल.