बिनपाण्याची दोन बेटे

आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५६ साली बालीहून लोंबोकला गेला, तेव्हा एक सामुद्रधुनी ओलांडताच पक्ष्यांचे जग पालटलेले त्याला दिसले. बालीत तांबट आणि सुतार, लोंबोकला पांढरे काकाकुवे. दोन्ही बेटे उष्ण कटिबंधातली, एकमेकांच्या दृष्टिपथातली. भेद मधल्या खोल पाण्याचा. हिमयुगात समुद्र ओसरला, तरी ते पाणी आटले नव्हते.

वॉलेसची ही तुलना वाचताना आम्हांला आठवतात ती नागझिरा आणि नवेगाव. गोंदिया जिल्ह्यात बेटे कोठून आली, असे वाचक विचारतील. परंतु १९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन यांनी बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडल्यापासून शेतांनी वेढलेल्या जंगलालाही अभ्यासक बेटच समजू लागले. बेट जितके लहान आणि एकाकी, तितक्या तेथील जाती कमी.

आमच्या या दोन बेटांवर झाडे बव्हंशी तीच : ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, बांबू. पाणी मात्र निराळे. नागझिऱ्याचे पाणी झऱ्याचे. नावातच ते आले. नवेगावचे पाणी अडवलेले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने तेथे बांध घातला, अशी परंपरा आहे. तो आज कोलासूर देव म्हणून पुजला जातो, आणि भोवतीच्या डोंगरांनी, म्हणजे सातबहिणींनी, बांध पुरा करण्यास त्याला साहाय्य केले असे लोक मानतात. अभयारण्य म्हणजे माणसाचा हात न लागलेला निसर्ग, ही शहरी समजूत येथे टिकत नाही. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी नवेगावला उतरतात ते कोहळ्यांच्या कुदळीने साठवलेल्या पाण्यावर. (त्या तळ्यात मालडोंगरी नावाचे खरेखुरे बेटही आहे; ते आमच्या तुलनेत बसत नाही म्हणून बाजूस ठेवतो.)

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. २०१३ साली आसपासच्या वनांसह दोहोंचा एकच व्याघ्रप्रकल्प झाला. कागदावर बेटे जोडली गेली. जमिनीवर मध्ये मुंबई–कोलकाता महामार्ग आहे. वॉलेसची सामुद्रधुनी भूगर्भाने घडवली. आमची सामुद्रधुनी डांबराची, आणि ती रुंदावते आहे.

नागझिऱ्यातला ‘जय’ नावाचा वाघ २०१३ साली असे रस्ते आणि शेते तुडवीत उमरेड–कऱ्हांडल्यास पोहोचला आणि २०१६ साली तेथून नाहीसा झाला. मे २०२३ मध्ये उलट प्रवास झाला : ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी पिंजऱ्यातून आणून नागझिऱ्यात सोडाव्या लागल्या. बेटावर प्राणी होडीतून न्यावेत, तसाच हा प्रकार.

तथापि बेटांच्या या रूपकात एक खोट आहे, आणि ती आम्हांला सारसाने दाखवली. समुद्र वाघाला परका असतो, तशी ही धानाची शेते सगळ्यांनाच परकी नाहीत. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया–भंडारा भागात, आणि तो दोहोंपैकी कोणत्याही बेटावर राहत नाही. त्याचे घरटे असते मधल्या समुद्रात, कोणाच्या तरी बांधीत, धान उभे असताना, बोडीच्या काठाजवळ.