नकोशी वाय-फाय नेटवर्क लपविणे

नकोशी वाय-फाय नेटवर्क लपविणे म्हणजे संगणकावर दिसणाऱ्या उपलब्ध नेटवर्कांच्या यादीतून शेजाऱ्यांची अथवा अन्य अनोळखी नेटवर्क दिसेनाशी करणे होय. दाट वस्तीच्या इमारतीत ही यादी बरीच लांबते. तीत आपले नाव शोधावे लागते, आणि घरातील लहान मूल किंवा वयस्कर व्यक्ती भलत्याच, कुलूप नसलेल्या नेटवर्कला जोडली जाण्याचा संभव असतो. विंडोज या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी स्वतंत्र सोय आहे. लपविलेले नेटवर्क केवळ त्या एका संगणकाच्या पडद्यावरून जाते; त्याच्या रेडिओलहरी पूर्ववत घरात येतच राहतात.

यादी कशी तयार होते

वाय-फाय हे आयईईई ८०२.११ या मानकांवर आधारलेले आहे. त्यातील पहिले मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक राउटर साधारणतः सेकंदातून दहा वेळा एक छोटा संदेश प्रसारित करून आपले अस्तित्व आणि नाव जाहीर करतो. संगणक असे संदेश ऐकतो आणि त्यांतील नावांची यादी मांडतो. या नावास एसएसआयडी म्हणतात व त्याची मर्यादा ३२ बाइट इतकी आहे. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे वेगळी मोजली जातात. त्यामुळे ‘कुलकर्णी सदन’ हे साधे नावही ३४ बाइटांचे होऊन या मर्यादेत बसत नाही.

विंडोजमधील पद्धत

विंडोज व्हिस्टा (२००७) व त्यानंतरच्या आवृत्त्यांत ‘नेटएसएच’ या आज्ञेद्वारे नेटवर्कांना गाळणी लावता येते. त्यासाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा लागतो. आज्ञेचे स्वरूप उच्चारानुसार असे असते (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टंकावी):

नेटएसएच डब्ल्यूएलएएन अ‍ॅड फिल्टर परमिशन=ब्लॉक एसएसआयडी="नाव" नेटवर्कटाइप=इन्फ्रास्ट्रक्चर

‘अ‍ॅड’च्या जागी ‘डिलीट’ लिहिले असता तीच गाळणी निघते, आणि ‘शो फिल्टर्स’ या शब्दांनी लावलेल्या सर्व गाळण्या पाहता येतात. एकेक शेजारी वगळत बसण्यापेक्षा उलट मार्ग सोपा आहे: प्रथम ‘परमिशन=अलाऊ’ वापरून स्वतःच्या नेटवर्कास परवानगी द्यावी आणि मग ‘परमिशन=डिनायऑल’ने उरलेली सर्व बंद करावीत. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा झाल्यास घरचे नेटवर्कही बंद पडते.

गाळणी नावावर चालते, यंत्रावर नव्हे. शेजाऱ्याने नाव बदलले की त्याचे नेटवर्क पुन्हा यादीत येते. आणि दोन घरांत राउटरचे कारखान्यातून आलेले एकच नाव ठेवलेले असेल, तर शेजाऱ्याचे लपविताना आपलेही लपते. संगणक बंद करून चालू केला तरी गाळणी कायम राहते. म्हणूनच ‘डिनायऑल’ लावलेला लॅपटॉप महाविद्यालयात किंवा परगावी नेला असता तेथील नेटवर्क दिसत नाही, आणि गाळणीचा विसर पडलेला वापरकर्ता वाय-फाय बिघडले असे समजून दुरुस्तीवाल्याकडे जातो. लावलेल्या गाळणीची कोठेतरी नोंद ठेवणे शहाणपणाचे. कार्यालयाच्या संगणकावर संस्थेने लादलेल्या गाळण्या मात्र वापरकर्त्याला काढता येत नाहीत.

मॅकओएसमध्ये अशी अंगभूत सोय नाही. तेथे जुनी नेटवर्क विसरण्यास सांगणे आणि आपोआप जोडणी बंद करणे एवढेच हाती असते.

स्वतःचे नेटवर्क लपविण्याशी गल्लत

राउटरच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या नेटवर्काचे नाव प्रसारित न करण्याचा पर्याय असतो. ही क्रिया वेगळी असून तिला सुरक्षेचा उपाय मानणे चूक आहे. एखादे उपकरण अशा नेटवर्काला जोडले जाताना नाव उघडपणेच पाठविले जाते आणि साध्या साधनांनी ते टिपता येते. शिवाय ते नाव साठविलेला फोन बाहेरगावीही त्याच नावाने हाका मारीत राहू शकतो.

संरक्षण मिळते ते डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ सांकेतिकीकरणाने व भक्कम पासवर्डने. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या वेळी प्रसारमाध्यमांना पाठविलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतील एका घरातील इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचला होता. तेथील वाय-फाय असुरक्षित होते आणि त्याचा परक्याने वापर केल्याचे सांगितले गेले. त्या घरातील रहिवाशाला चौकशीला तोंड द्यावे लागले.

वेगावर परिणाम

यादी आखूड झाल्याने इंटरनेटचा वेग वाढत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच (१, ६ व ११) असल्याने शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी अडथळा आणतेच, मग ती पडद्यावर दिसो वा न दिसो. राउटरची वाहिनी बदलून किंवा ५ गिगाहर्ट्‌झ पट्टा वापरून हा त्रास कमी होतो. तो पट्टा भिंतींपलीकडे कमी पोहोचत असल्याने शेजाऱ्यांचा उपद्रवही तेथे कमी असतो.