गाण्यातल्या पारव्याचे पूर्वज

माणूस मेला आणि पारवा झाला, एवढीच ‘कुकुर्रुकुकू पालोमा’ या मेक्सिकन गाण्याची गोष्ट. ती सोडून गेली. त्याने अन्न टाकलं, दारू जवळ केली, रात्र रात्र रडला आणि तिलाच हाका मारत गेला. आता सताड उघड्या दारांच्या त्या ओसाड घराशी रोज सकाळी एक पारवा येऊन घुमतो. लोक शपथेवर सांगतात, हा त्याचाच जीव, अजून तिची वाट पाहतोय. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ताटकळणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.

गाणं १९५४ चं, तोमास मेंदेस यांचं. पारवा मात्र त्याहून जुना. एकोणिसाव्या शतकात सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराने ‘ला पालोमा’ रचलं. (‘कार्मेन’ ऑपेरातल्या गाजलेल्या हाबानेराची चालही मुळात याचीच, बिझेने ती लोकगीत समजून उचलली.) ‘ला पालोमा’त हवानाहून निघालेला प्रियकर सांगतो, खिडकीशी पारवा आला तर त्याला माया लाव, तो मीच आहे असं समज. हे गाणं मेक्सिकोत असं रुजलं, की १८६७ साली केरेतारोला गोळ्या घालून मारलेल्या बादशहा माक्सिमिलियानने शेवटी तेच ऐकायला मागितलं, अशी आख्यायिका झाली. खरी असो-नसो, सामान्य गाण्याच्या नशिबी अशा आख्यायिका येत नाहीत.

इरादिएरचा पारवा निरोप घेऊन येतो; मेंदेसच्या पारव्याकडे निरोपच उरलेला नाही. नुसतं घुमणं. आणि ते घुमणं गळ्यात आलं हुआपांगोतून. ईशान्य मेक्सिकोतल्या हुआस्तेका भागाचा हा गानप्रकार: एक व्हायोलिन, दोन तऱ्हांच्या गिटारी, लाकडी फळ्यांवर पाय आपटत नाच. गाणारा भर ओळीत भरदार आवाज सोडून एकदम वरच्या बारीक आवाजात उडी घेतो. मारियाची वाजंत्र्यांनी हा प्रकार उचलला. एरवी ही उडी म्हणजे गळ्याची करामत. या गाण्यात ती नेमकी पारव्याच्या घुमण्यावर येते, म्हणजे माणसाचा आवाज जिथे फुटतो तिथेच पक्षी सुरू होतो. माझ्या मते गाण्याचा अर्थ शब्दांपेक्षा या जागेत जास्त आहे.

गंमत अशी, की पेद्रो इन्फान्तेने हे गाणं १९५५ च्या ‘एस्कुएला दे वागाबुंदोस’ या चक्क विनोदी चित्रपटात गायलं. पुढे गायिका लोला बेल्त्रानने ते आपलंच करून टाकलं. तिचा लांबवलेला सूर ऐकताना आपणच श्वास धरून बसतो. आज जगभर जास्त ओळख आहे ती ब्राझीलच्या काएतानो वेलोझोच्या गाण्याची. दिग्दर्शक आल्मोदोवारच्या ‘आब्ले कोन एया’ या चित्रपटात (२००२) तो चेलोच्या साथीने ते अगदी हलक्या आवाजात गातो. सुंदरच आहे ते. पण काएतानो पहिल्या ओळीपासूनच पक्षी असतो. बेल्त्रानच्या गळ्यात आधी माणूस मरावा लागतो.