मानेतलं विष कुणाचं?

‘यावर तर आधीच काम झालंय’ म्हणून तुम्ही आत्तापर्यंत किती विषय सोडून दिलेत? मी बरेच सोडलेत. त्यामुळे रॅब्डोफिस या सापांच्या प्रजातीचा इतिहास वाचताना जरा चरफडायला झालं.

या प्रजातीतले बरेच साप टोड खातात. टोड म्हणजे खरखरीत कातडीचा, अंगभर फोड असलेला बेडूक. त्याच्या कातडीत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, म्हणून अनेक भक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत. आपला हिरवा गवत्या साप याच प्रजातीतला. (जुन्या पुस्तकांत तो मॅक्रोपिस्थोडॉन या नावाने सापडेल, गोंधळू नका.)

गोष्ट मात्र जपानमधल्या रॅब्डोफिस टायग्रिनसची. १९३५ मध्ये नाकामुरांनी त्याच्या मानेच्या कातडीखाली विषग्रंथी असल्याचं दाखवलं. दातांच्या विषाशी यांचा संबंध नाही. ग्रंथींना बाहेर उघडणारी नळीच नाही. शत्रूने मान दाबली की कातडी फाटते आणि द्रव बाहेर येतो. पुढे १९८० च्या दशकात त्या द्रवात ब्युफाडायनोलाइड्स सापडली. टोडच्या विषातही हीच जातकुळी असते.

मग साप ते स्वतः बनवतो की टोडकडून उचलतो? ‘उचलत असणार’ असं कुणालाही वाटेल. पण वाटणं म्हणजे पुरावा नाही ना!

पुरावा आला २००७ मध्ये, हचिन्सन, मोरी, सॅविट्झ्की आणि सहकाऱ्यांच्या कामातून. त्यांनी दोन बेटं निवडली. इशिमावर टोड भरपूर, किंकासानवर टोड नाहीतच. इशिमाच्या सापांच्या ग्रंथींत ब्युफाडायनोलाइड्स भरपूर, किंकासानच्या सापांत नाहीत. तुम्ही इथेच थांबला असता का? ते थांबले नाहीत, कारण दोन बेटांमध्ये टोडखेरीज इतरही फरक असू शकतात. त्यांनी ग्रंथींत विष नसलेली पिल्लं घेतली. काहींना टोड खाऊ घातले, काहींना नाही. टोड खाल्लेल्यांच्याच ग्रंथींत विष साठलं. शिवाय भरपूर विष असलेली आई ते पिल्लांनाही देते, हेही कळलं.

म्हणजे ग्रंथी सापडल्यापासून ७२ वर्षं! झालं आता काम, असं वाटलं ना? २०२० मध्ये याच प्रजातीतल्या, टोड सोडून गांडुळांवर जगणाऱ्या चिनी सापांवरचा पेपर आला. गांडुळांत हे विष नसतं, तरी सापांच्या ग्रंथींत होतं. पोटं तपासल्यावर काजव्यांच्या अळ्या निघाल्या.