दवाखान्यातला खोडा आणि आपली शेळी



दावणीला जनावर आजारी पडलं की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "डॉक्टरला बोलवा." कुठल्या डॉक्टरला, हे कुणी विचारत नाही. ज्याचा नंबर घरधन्याच्या मोबाईलमध्ये, तोच आपला डॉक्टर. आज मी तुम्हाला जनावरांच्या दवाखान्यांची जुनी गोष्ट सांगणार आहे. हे दवाखाने आपल्याकडे कसे आले आणि मुळात कुणासाठी आले, ते सांगणार आहे. गोष्ट जुनी असली तरी ती माहीत नसल्यामुळे माझ्या गोठ्यातली गाय गेली.

आमचं गाव सांगोला तालुक्यात, माणदेशाच्या कडेला. आठ-नऊ वर्षांपूर्वी गटाचं कर्ज काढून आम्ही जर्सी कालवड घेतली. पहिलारू होती. रात्री अकराला कळा सुरू झाल्या आणि ती अडली. वासराचे पाय दिसत होते, पण डोकं मागं वळलेलं. जवळच्या दवाखान्यातले साहेब झोपेतून उठून आले. त्यांनी हात घालून बघितलं आणि म्हणाले, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. पोट फाडून काढावं लागंल. तालुक्याला न्या." टेम्पो मिळेपर्यंत दोन तास गेले. वासरू पोटातच मेलं होतं, आणि उजाडता उजाडता गायही गेली. कर्जाचे सात हप्ते बाकी होते.

त्या साहेबांना मी सहा महिने गावभर नावं ठेवली. पुढं एका शिबिरात मला कळलं की त्या माणसानं खरं तेच सांगितलं होतं. त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर 'श्रेणी-२' असं लिहिलेलं होतं. दूध घालायला जाताना मी ती पाटी रोज वाचत होते. तिचा अर्थ तेवढा कधी विचारला नव्हता.

आता जुन्या काळात जाऊ. इंग्रजांच्या राज्यात सरकारला पहिली काळजी होती लष्कराच्या घोड्यांची. शहरात टांग्याचे आणि गाड्यांचे घोडे, मालाच्या गाड्यांचे बैल. मुंबईत ट्रामसुद्धा तेव्हा घोडेच ओढत. तिथं परळला जनावरांचं एक इस्पितळ उभं राहिलं. त्याला नाव आहे एका बाईचं, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट. त्यांचे पती सर दिनशॉ पेटिट हे मोठे गिरणीमालक. १८८६ साली त्याच इस्पितळाच्या आधारानं मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आपल्या राज्यातल्या जनावरांच्या डॉक्टरकीची सुरुवात तिथून धरतात.

खेड्यात मात्र दवाखाना आला तो साथीच्या भीतीनं. सगळ्यात मोठी भीती बुळकांडीची. डोळ्यांतून, नाकातून पाणी, तोंडात फोड, मग पातळ हगवण, आणि आठवड्याभरात जनावर आडवं. एकाला लागली की गोठा रिकामा. आमच्या सासूबाई त्यांच्या सासूचं सांगायच्या, की दावणी रिकाम्या झाल्यावर माणसांनीच खांद्यावर जू घेऊन पेरणी केली. १८७१ साली सरकारनं नेमलेल्या आयोगानं गुरांच्या साथींचा अहवाल दिला. १८८९ साली पुण्यात साथींच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. रोगाचे जंतू वस्तीपासून लांब ठेवलेले बरे, असा विचार होता.

त्या मुक्तेश्वरात पुढं जे झालं, ते शेळ्या पाळणाऱ्या आपल्यासारख्या बायकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९२०च्या दशकात तिथल्या एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा पुढं नेत नेत सौम्य केला आणि त्याची लस बनवली. गाय-बैलांना वाचवणारी लस शेळीच्या अंगात तयार झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशभर बुळकांडी निर्मूलनाची मोहीम निघाली तेव्हा हीच लस गावोगाव टोचली गेली. २००६ मध्ये भारत या रोगातून मुक्त जाहीर झाला, आणि २०११ मध्ये सगळं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. २०२२ साली लम्पी आला तेव्हा आपल्या गायींना कुठली लस दिली, आठवतंय? शेळ्यांच्या देवीची. म्हणजे गायीला वाचवायला शेळी दोनदा धावून आली.

दवाखान्यात मात्र शेळीला जागा नव्हती. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा अंगण बघा. तिथं लोखंडी किंवा लाकडी खोडा असतो, जनावर उभं करून बांधायचा. त्याचं माप बैलाचं. कारण दवाखाना आला तेव्हा आपल्या भागात किंमत होती ती खिलार बैलाची. पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेच्या बाजारात जोडी विकायला न्यायचे आणि घरचे बाप्येच सगळा व्यवहार बघायचे. बैल बाप्याचा, म्हणून दवाखान्यात जाणाराही बाप्या. शेळी बाईची. ती मेली तर 'शेळीच तर होती' म्हणून विषय संपायचा.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातले बरेचसे दवाखाने त्यांच्याकडे आले. म्हणून काही पाट्यांवर 'जिल्हा परिषद, सोलापूर' असतं आणि काहींवर राज्य शासनाचं नाव. त्यानंतर दहा वर्षांनी ७२चा दुष्काळ पडला. तो काळ तुमच्यातल्या थोरल्या बायकांनी खडी फोडत काढलाय, मी काय सांगू.

दुष्काळाच्या आगेमागे दुसरा मोठा बदल झाला, तो संकरित गायीचा. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बायफ ही संस्था काढली. होल्स्टिन आणि जर्सी वळूंचं गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारात पोचवायचं काम तिनं हाती घेतलं. सरकारी दवाखान्यांनी आणि दूध संघांनीही तेच धरलं. द्रवरूप नायट्रोजनचं भांडं मोटारसायकलला अडकवून माणूस दारात यायला लागला. गाय माजावर आली की त्याला फोन. आणि आपण त्यालाही 'डॉक्टर' म्हणायला लागलो. माझ्या मते सगळा घोटाळा इथं झाला.

आज आपण ज्यांना डॉक्टर म्हणतो, ती तीन वेगळी माणसं आहेत. पहिला पदवीवाला. साडेपाच वर्षं शिकून, परिषदेत नोंदणी करून आलेला. श्रेणी-१ दवाखान्याचा प्रमुख असा असतो, पशुधन विकास अधिकारी. दुसरा पदविकावाला, म्हणजे पशुधन पर्यवेक्षक. श्रेणी-२ दवाखाना त्याच्या हाती असतो. तिसरा फक्त रेतनाचं प्रशिक्षण घेतलेला. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं पशुवैद्यकी करायचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच दिला. बाकीच्यांनी लस, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असे प्राथमिक उपचार करायचे, तेही त्याच्या देखरेखीखाली. याचा अर्थ दुसरा आणि तिसरा बिनकामाचे, असा नाही. त्यांच्यातल्या कित्येकांचा हात सरावाचा असतो, वेळेला तेच येतात. पण पोट फाडायचं असेल तर त्यांच्या दारात घालवलेला प्रत्येक तास गायीच्या आयुष्यातून वजा होतो. त्यासाठी तालुक्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नाहीतर सोलापूरचं जिल्हा सर्वचिकित्सालय, नाहीतर खात्रीचा खासगी पदवीधर. फार अवघड दुखणं असेल तर शिरवळचं किंवा उदगीरचं पशुवैद्यक महाविद्यालय. पण तिथवर नेण्याचं भाडं गायीच्या किमतीशी ताडून बघावं लागतं, हेही खरं.

आमच्या गटातल्या पाच जणी मागच्या वर्षी एक काम करून आलो. आसपासचे सगळे दवाखाने, सरकारी आणि खासगी, स्वतः जाऊन बघितले. बाप्यांना हसू आलं. आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. इथं बसतं कोण, पदवी की पदविका? रात्री फोन उचलतात का? पावती देतात का? शेळी आणली तर बघतात, की 'उद्या या' म्हणतात?

आणि फ्रिज. त्याबद्दल थोडं जास्त बोलते. लस दोन ते आठ अंशात राहिली तरच लस, नाहीतर नुसतं पाणी. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर आणि वीज दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक. एका ठिकाणी फ्रिज छान होता, आत साहेबांचा डबा आणि थंड पाण्याच्या बाटल्या. एका लहानशा श्रेणी-२ दवाखान्यात मात्र लशीच्या कप्प्यात थर्मामीटर टांगलेला आणि रोजची नोंद वहीत. लसीकरणाला आम्ही तिकडंच जातो, जरा लांब पडलं तरी. दारात लस टोचायला कुणी आलं तर बर्फाचा डबा उघडून दाखवा म्हणा. ते चांगले असतील तर रागावत नाहीत.

सरकारी दवाखान्याचं आणखी एक काम खासगीत होत नाही, ते म्हणजे सरकारी कागद. लम्पीत जनावर गेलं तेव्हा सरकारनं गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये भरपाई ठरवली होती. पण पंचनामा असेल तरच. विम्याचंही तसंच, कानातला बारा आकडी बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतो. उपचार कुणाकडूनही घ्या, पण बिल्ला आणि नोंद सरकारी दवाखान्यात करून ठेवा.

आपल्या बायकांसाठी वेगळं दार अलीकडं उघडलं. फलटणच्या निंबकर संस्थेनं शेळ्यांच्या कृत्रिम रेतनावर काम केलं. शेजारच्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं बायकांना शिकवून शेळी डॉक्टर तयार केल्या. उमेद अभियानातल्या पशुसखी आता बऱ्याच गावांत आहेत. जंताचं औषध, लसीकरणाला मदत, प्रथमोपचार, आणि कधी पुढं पाठवायचं याची ओळख, एवढं त्या करतात. आमची पशुसखी जावेच्या गोठ्यात गेली आणि पहिल्यांदा शेळीला खाली बसून, मांडीवर घेऊन तपासली. खोड्याची गरजच पडली नाही. पण तिलाही सगळे डॉक्टरच म्हणतात. ती आपली सारखी सांगत असते, "मी डॉक्टर नाही वो काकू, मी सांगंल तवा डॉक्टरला बोलवा."

सरकारी मदतीचा टोल-फ्री नंबर १९६२ आहे. जिल्हा परिषदेचं जन्मसालही तेच, योगायोगानं लक्षात राहायला सोपं. फोन केला की फिरतं पथक येतं, पण आपल्या तालुक्याला गाडी कुठून आणि किती वाजेपर्यंत येते, हे जनावर धड असतानाच विचारून ठेवा.

आमच्या वहीच्या पानावर रात्रीच्या अडलेल्या गायीसाठी दोनच नंबर आहेत. त्यातला एक दहानंतर बंद असतो. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलंय, "पाय दिसून अर्धा तास झाला की वाट बघू नका, लगेच फोन करा, मी निघेपर्यंत टेम्पो सांगून ठेवा." ते वाक्य आम्ही जसंच्या तसं लिहून पाच जणींच्या गोठ्यात भिंतीवर चिकटवलंय. गेल्या पौषात माझ्या जावेनं ते वाचून रात्री दीडला फोन केला. कालवड झाली. तिचं नाव अजून ठरलं नाही, पोरं रोज नवीन ठेवतात.