रुपयाच्या पुडीची कुळकथा

वाण्याच्या दुकानात लटकणारी शॅम्पूच्या पुड्यांची माळ मुंबईतल्या एखाद्या बड्या कंपनीने काढली असेल, असं कोणालाही वाटेल. तिचं मूळगाव आहे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं कडलूर. तिथे चिन्नी कृष्णन नावाचे एक छोटे व्यावसायिक होते. टाल्कम पावडर मोठ्या डब्यांत मिळायची तेव्हा त्यांनी ती २० ग्रॅममध्येही विकली. एप्सम सॉल्टच्या तर ५-१० ग्रॅमच्या पुड्या काढल्या. रोजंदारीवर जगणारा माणूस आजपुरतंच घेतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मग पातळ मालही पुडीत का भरू नये? त्यातून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘वेल्वेट’ शॅम्पूची पुडी आली.

तसं सुटं विकणं आपल्याला नवं नव्हतंच. पावशेर तेल, दोन आण्यांची चहापूड हा तर रोजचाच व्यवहार. पण तेलाची बाटली गिऱ्हाइकाची असायची आणि चहाची पुडी रद्दी कागदाची. पुडीतल्या शॅम्पूने विक्री तीच ठेवली, भांडं तेवढं बदललं.

चिन्नी कृष्णन यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन भावांपासून वेगळे झाले आणि १९८३मध्ये १५ हजार रुपयांवर त्यांनी ‘चिक’ शॅम्पू सुरू केला. नाव वडिलांच्याच नावावरून बेतलेलं. तमिळनाडूच्या खेड्यांत कंपनीची माणसं एखाद्या पोराला सगळ्यांसमोर बसवून त्याचं डोकं धूत आणि जमलेल्यांना केसांवरून हात फिरवायला, वास घ्यायला सांगत. शिकेकाईवाल्या घरांत शॅम्पू शिरला तो असा.

याच ‘चिक’ची एक योजना फारशी कोणाच्या लक्षात नाही. कुठल्याही शॅम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या दुकानात द्या, ‘चिक’ची एक फुकट न्या. पुढे हुशारी करून फक्त ‘चिक’च्याच रिकाम्या पुड्या घ्यायला सुरुवात झाली. खप भराभर वाढला. हेतू अर्थातच सफाईचा नव्हता, दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढण्याचा होता. पण तेवढा काळ रिकाम्या पुडीला भाव होता, आणि भाव असलेली वस्तू कोणी गटारात टाकत नाही. खेडोपाडीच्या दुकानांतून रिकामी पुडी परत गोळा करता येते, हे कंपनीने स्वतःच सिद्ध करून दाखवलं होतं. म्हणून आज हाच धंदा ‘हे व्यवहार्य नाही’ म्हणतो, तेव्हा मला ते पटत नाही.

पुढे बड्या कंपन्याही पुडीत उतरल्या. पन्नास पैशांची पुडीसुद्धा आली. गंमत म्हणजे आपल्याकडे मिलिलिटरचा हिशेब मांडला तर बरेचदा पुडीतला शॅम्पू बाटलीतल्यापेक्षा स्वस्त पडतो. त्यामुळे ‘गरिबांची सोय’ म्हणून आलेली माळ फ्लॅटमधल्या न्हाणीघरातही लटकते.

पुडी नीट उलगडून पाहा. बाहेर छपाईचा कडक पापुद्रा, बऱ्याच पुड्यांत मध्ये चकचकीत धातूचा थर, आत उष्णतेने चिकटणारं पॉलिथिन. हवा, ओल, उजेड काहीच आत शिरू नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. हे थर एकमेकांपासून सोडवणं परवडत नाही, म्हणून ती वितळवून नवं काही बनवण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत तिचं जळण होतं. वजन जेमतेम ग्रॅमभर. किलोभर जमवायला हजारभर वेचाव्या लागतात आणि भंगारवाला त्याचे पैसे देत नाही. म्हणून कचरावेचक बाई पाण्याची बाटली उचलते, पुडी तिथेच सोडते. दातांनी फाडलेला तिचा कोपरा तर मोरीच्या जाळीतून कधीच पुढे गेलेला असतो.

गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत विकायला २०१६च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी मनाई केली. म्हणजे पुडीला हात लावताच येत नाही असं नाही. कंपन्यांनी रिकाम्या पुडीला पुन्हा भाव द्यावा, आणि तो दुकानदाराबरोबर कचरावेचकांनाही मिळावा. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, तिच्या यादीत स्ट्रॉ आहे, फुग्याची काडी आहे, मिठाईच्या खोक्यावरचं वेष्टनही आहे. शॅम्पूची पुडी मात्र त्या यादीत नव्हती.