जाड ऑइल आणि पद्मिनीचं आयुष्य

गाडी जुनी झाली की जाड ऑइल घालायचं, हा सल्ला मुंबईच्या गॅरेजांत पद्मिनीच्या मालकांना वर्षानुवर्षं मिळत आला. त्यात तथ्य होतं, पण अर्धंच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून बनलेल्या आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात १९३७ च्या इटालियन फियाटच्या घराण्यातलं. त्या काळी ऑइल एकाच ग्रेडचं मिळे. मल्टिग्रेड रुळलं ते १९५० नंतर. रिंगा झिजून निळा धूर येऊ लागला की इंजिन खोलण्याचा खर्च पुढे ढकलायला ३० ऐवजी ४०, ४० ऐवजी ५० घालणं हा टॅक्सीवाल्याच्या खिशाला परवडणारा उपाय होता. त्याला अडाणीपणा म्हणणं अन्याय होईल.

पण माझं म्हणणं असं की ही इंजिनं टिकली ती ऑइल जाड होतं म्हणून नव्हे, ते लवकर बदललं जाई म्हणून. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक असतो, ५० चा १६.३ ते २१.९, म्हणजे एका ग्रेडचा फरक तसा थोडाच. चोक ओढून सुरू होणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. त्यात झिजलेल्या रिंगा ही वाट आणखी रुंद करतात. डिपस्टिकवर मात्र पातळी खाली गेलेली दिसत नाही, कारण जळालेल्या ऑइलची जागा पेट्रोलने घेतलेली असते. कांडीला पेट्रोलचा वास येत असेल, तर डब्यावरचा ५० हा आकडा आता इंजिनात उरलेला नाही असं समजावं. शिवाय पेट्रोलमधलं शिसं देशभरातून गेलं ते २००० साली. तोवर त्याची राखही ऑइलमध्येच साठे. आणि सिग्नलला इंजिन तासन्‌तास चालू राही, त्याची नोंद किलोमीटरच्या काट्यावर कुठे होते?

जाड ऑइलने प्रेशरचा दिवा विझतो, मग ते बरं नाही का, असं कुणी विचारेल. दिवा विझतो तो ऑइलच्या वाहण्याला अडथळा वाढल्यामुळे. बेअरिंगची झीज त्याने भरून येत नाही. मुंबईच्या उबदार सकाळी २०डब्ल्यू५० ने फारसं बिघडत नाही हे मात्र मान्य. उलट तेच बरं, कारण २००४ नंतरच्या मानकांत फॉस्फरसवर आलेली मर्यादा पातळ ग्रेडना लागू झाली, जाड ग्रेडना नाही. आणि जुन्या टॅपेटला वाचवणारं जस्त-फॉस्फरसचं रसायन हेच. दुसरा आक्षेप असा की आजचं ऑइल १०,००० किलोमीटर चालतं, मग पाच हजारांना का बदलायचं? ती मुदत इंजेक्शनच्या, घट्ट रिंगांच्या इंजिनासाठी आहे. सीएनजीवर गेलेल्या पद्मिनीत ऑइल स्वच्छ दिसे, पण रंग हा ऑइलच्या तब्येतीचा पुरावा नव्हे. जास्तीच्या उष्णतेने ते तरीही थकतं.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरातली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ती २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ज्यांच्या दारात खासगी पद्मिनी अजून उभी आहे, त्यांनी साधं मिनरल २०डब्ल्यू५० वापरावं आणि गाडी फारशी फिरली नसली तरी वर्षातून एकदा ते बदलावंच.